केलगेरीचा काठ

धारवाड शहराच्या पश्चिमेस केलगेरीचे तळे आहे. पौष महिन्यातील पहाटे त्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले, तर प्रथम काहीच दिसत नाही. फक्त ऐकू येते. धुक्याच्या आतून कोणी शीळ घालतो, कोणी घसा खाकरल्यासारखा आवाज काढतो, कोठे पाण्यावर पंख आपटल्याचा नाद होतो. पक्षी पाहावयास निघालेल्या माणसाला येथे पहिला धडा मिळतो तो धीराचा. सूर्य झाडांच्या वर येईपर्यंत त्याने स्वस्थ बसावयाचे असते.

धुके विरळ झाले की वर्षभर तळ्यावर राहणारी मंडळी आधी ओळख देतात. काळ्याभोर अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके आणि टोकाला हळदीचे बोट लागलेले ते हळदीकुंकू बदक. बुडी मारून भलत्याच ठिकाणी डोके वर काढणारी ती टिबुकली. लांब बोटांनी कमळाच्या पानांवरून चालणारा तो कमळपक्षी. ही नावे ज्यांनी ठेविली, त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती. परंतु पाहण्याची सवय खचित होती.

मग पाहुण्यांकडे लक्ष जाते. थंडीच्या दिवसांत या परिसरातील तळ्यांवर उत्तरेकडची बदके उतरतात. डोळ्यावर पांढरी भुवई रेखलेले भिवई बदक, लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीचा थापट्या हे सारे मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूने आलेले प्रवासी होत. तिकडे पाणी गोठते, अन्न बर्फाखाली जाते, म्हणून हे जीव हजारो किलोमीटर ओलांडून दक्षिणेत येतात आणि फाल्गुन-चैत्रात परत फिरतात.

एवढ्या लांबून येऊन ते तळ्याच्या मध्यभागी खोल पाण्यात जेवत नाहीत, ही गोष्ट थोडा वेळ पाहिल्यावर ध्यानात येते. थापट्याच्या चोचीच्या कडांना फणीसारखे बारीक दाते असतात. उथळ पाणी तोंडात घेऊन तो त्यातील सूक्ष्म जीव गाळून घेतो. तलवार बदक डोके खाली आणि शेपटी वर करून, मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचे अन्न काढते. शेकाट्याचे पाय उंच, पण तोही गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही. तुतवार तर ओल्या चिखलातच टोचत फिरतो. प्रत्येकाची चोच निराळी, पाय निराळे; परंतु पंगत एकाच ठिकाणी बसलेली असते, आणि ती म्हणजे तळ्याचा उतरता, चिखलाचा, गवताळ काठ. तळ्याचे स्वयंपाकघर काठावर असते.

या काठाचा इतिहास माणसाच्या तहानेशी जोडलेला आहे. केलगेरीचे तळे निसर्गाने दिलेले नव्हे. धारवाडला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून ते बांधण्यात आले. हुबळीच्या वाटेवरील उणकल तळे आणि त्यापुढे कलघटगीच्या बाजूचे नीरसागर धरण, ही दोन्ही तहान भागविण्यासाठीच निर्माण झाली. कानडीत तळ्याला केरे म्हणतात, आणि या मुलुखात केरे म्हणजे गावाची जणू तिजोरी होती. तिच्यात घाण टाकणे हा गावाचा अपराध मानला जाई, कारण तेच पाणी संध्याकाळी घरच्या घागरीत यावयाचे असे.

पुढे मलप्रभा नदीवर सौंदत्तीजवळ धरण झाले आणि हुबळी-धारवाडला तेथून पाणी येऊ लागले. धरणाच्या जागेचे नाव नविलुतीर्थ. नविलु म्हणजे मोर. मोराच्या नावाच्या त्या जागेने शहराची मोठी सोय केली, यात शंका नाही. परंतु नळ आला आणि तळ्याशी असलेले नाते सुटले. ज्या पाण्याचा घोट आपण घेत नाही, त्या पाण्याकडे आपण कशाला पाहावे? शहराजवळच्या तळ्यांवर आज जे संकट आहे, त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

हे संकट दोन रूपांनी येते. पहिले रूप उघड आहे. ओढ्यानाल्यांतून सांडपाणी येते. त्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती दिसावयास हिरवीगार, फूलही जांभळे आणि सुंदर. परंतु तिचा गालिचा पसरला की पाण्यात ऊन शिरत नाही, कुजणारी पाने प्राणवायू खाऊन टाकतात आणि मोकळे पाणी शोधणारी बदके डोक्यावरून एक फेरी मारून निघून जातात. दुसरे रूप मात्र सज्जनाच्या वेषात येते, आणि त्याचे नाव सुशोभीकरण. गाळ काढून काठ उभा कापावयाचा, त्याला दगडी भिंत घालावयाची, वर फरसबंद वाट आणि दिव्यांचे खांब. माणसांना फिरावयास छान जागा होते. तळे स्वच्छही दिसते. फक्त स्वयंपाकघर गेलेले असते.

दुपारी नीरसागराकडे गेले म्हणजे हा फरक डोळ्यांनी दिसतो. पाणी जसजसे ओसरते, तसतसा ओल्या मातीचा नवा पट्टा उघडा पडतो, आणि त्या पट्ट्यावर तुतवार, धोबी, बगळे आपापली जागा धरतात. वरून एखादा दलदली भोवत्या संथ घिरट्या घालीत गेला की सारा काठ एकदम उडतो आणि पुन्हा बसतो. संध्याकाळी परतताना उणकलच्या बागेत मुलांचा गलबला असतो, नावा फिरत असतात. त्याच आकाशातून पाणकावळे आणि बगळे रांगा धरून मुक्कामाच्या झाडांकडे जातात. बागेतील फार थोडी माणसे मान वर करतात.

वास्तविक धारवाडची माती मान वर करणाऱ्यांची आहे. येथील साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहिले. घरची भाषा मराठी असलेल्या या कानडी कवीने काळालाच उडत्या पक्ष्याचे रूप दिले. ती कविता ज्या संग्रहात आहे त्याचे नाव ‘गरी’, म्हणजे पीस. याच गावात इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या मराठी कथासंग्रहांची नावे पाहावीत : ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘पिंगळावेळ’. आणि योगायोग असा की, बेंद्रे ज्या 1896 साली जन्मले, त्याच साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचाही जन्म झाला.

उपाय नाही असे मात्र नाही. धारवाडच्या पूर्वेस, गदग जिल्ह्यात मागडी नावाचे गाव आहे. तेथील तळ्यावर दर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यापैकी काहींनी 7,000 मीटरहून अधिक उंची गाठल्याचे मोजले गेले आहे. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडू शकते. दिवसा ते तळ्यावर विसावतात आणि चरावयास भोवतालच्या शेतांत जातात. म्हणजे या पाहुण्यांचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. तरीही ते तेथे टिकून आहेत. 2024 साली मागडी केरेला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले.

प्रत्येक तळ्याला असा मान मिळणार नाही, आणि मिळण्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती कोणीतरी नेमाने पाहण्याची. 1987 सालापासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. तिचा मोठा भार हौशी माणसेच वाहतात. तिला लागणारे साहित्य थोडे : एक वही, एक पेन्सिल आणि मिळाल्यास दुर्बीण. नियम मात्र कडक आहे. जे दिसले तेच लिहावयाचे. आणि गेल्या वर्षी होता तो पक्षी या वर्षी दिसला नाही, तर त्याच्या नावापुढे शून्य लिहावयाचे. ते शून्य लिहिताना हात जड होतो. परंतु काठ केव्हा आणि कसा गेला, याचा पुरावा पुढे त्या शून्यातूनच मिळतो.

पूर्वी घागर घेऊन माणूस तळ्यावर जात असे, म्हणून तळे जपले गेले. आता घागरीचे काम उरले नाही. तिच्या जागी वही घेऊन वर्षातून एक सकाळ कोणी आपल्या गावच्या काठावर बसला, तरी तळ्याला पुन्हा एक धनी मिळेल. पाहुणे तर वाट चुकत नाहीत. उतरावयास काठ तेवढा शिल्लक हवा.