वांझ म्हणण्याआधी

(डोंगरकडा येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

बायांनो,

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की तपासणी कोणाची होते? बाईची. नवस कोण बोलतं, उपास कोण धरतं? बाईच. डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत, आणि तिकडे पारावर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

मागे एका बैठकीनंतर एक मुलगी थांबली. तेवीस वर्षांची. पिशवीत नांदेडच्या दवाखान्यांची फाईल, चार सोनोग्राफ्या. म्हणाली, "ताई, माझ्या पोटात गाठी आहेत. मला लेकरू होणार नाही म्हणतात." मी सगळी फाईल चाळली. नवऱ्याचा एकही कागद त्यात नव्हता.

तिला होता तो पीसीओएस. बरेच डॉक्टर पीसीओडी म्हणतात. आधी हे समजून घ्या की त्या गाठी नव्हेत. बीजकोशात दर महिन्याला लहान लहान पुटकुळ्या वाढू लागतात. त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. या दुखण्यात संप्रेरकांचं गणित बिघडतं आणि पुटकुळ्या अर्ध्यावरच थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या याच. म्हणजे बीज आहे, ते वेळेवर सुटत नाही. म्हणून पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. हनुवटीवर केस येतात, तोंडावर पुरळ उठतं, कुणाची मान काळी पडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांत सहा ते तेरा जणींना हे असतं, आणि बहुतेकींना ठाऊकही नसतं.

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांची हकीगत मांडली, तेव्हा बीजकोशाचा तुकडा कापून काढत. आज बीज सुटावं म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या पाच दिवस देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बहुतेकींना उपचारानं दिवस राहतात. वजन जास्त असेल तर सत्तर किलोच्या बाईनं साडेतीन किलो कमी केलं तरी पाळी सुधारू शकते. पण दिवसभर निंदण-खुरपण करणाऱ्या सडपातळ बाईलाही हे होतं. तिला 'जरा चालत जा' सांगणाऱ्या डॉक्टरांनी एकदा तिच्याबरोबर रानात यावं!

गोळ्या सुरू करण्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालीच पाहिजे. ती साधी आहे, स्वस्त आहे, दुखत नाही. तरी तीच सगळ्यात शेवटी होते. तुमची थायरॉइडची आणि साखरेची तपासणीही मागून घ्या, कारण पुढे मधुमेहाचा धोका असतो. उपचाराशिवाय तीन महिन्यांहून जास्त पाळी चुकत राहिली तर गर्भपिशवीच्या अस्तराला अपाय होऊ शकतो, तेव्हा 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. आणि पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, असंही समजू नका. मूल नको असेल तर साधन वापरा.

पाळीच्या तक्रारीवर 'पिशवी काढून टाका' असं कुणी म्हणालं, तर सही करू नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सगळ्यांची कारणं एक नव्हती, पण पोटाची तक्रार घेऊन गेलेली बाई पिशवी गमावून घरी आली, हे फार जणींच्या बाबतीत झालं.

वयात आलेल्या लेकींचं म्हणाल तर, पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होतेच. एवढ्यावरून तिच्यावर शिक्का मारू नका. तारखा कॅलेंडरवर लिहायला शिकवा.

आता विचारा. मोठ्यानं विचारायचं नसेल तर मागे थांबा, मी सहाच्या गाडीपर्यंत इथंच आहे.