खेळताना डोळ्याला लागलं तर

विटी-दांडू, धनुष्यबाण, गलोल, छर्र्यांची बंदूक हे मुलांचे आवडते खेळ. पण उडालेली विटी किंवा बाणाचं टोक क्षणात बुबुळ फाडू शकतं. 2025च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा भागात कार्बाइड गनमुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. या बंदुकीत कार्बाइडवर पाणी पडलं की पेट घेणारा वायू तयार होतो आणि मागे उरतो चुना. भाजणं आणि चुना, दोन्ही डोळ्याला घातक.

डोळ्याला मार लागला, तर चोळू नका, दाबू नका. काही रुतलं असेल, तर ते उपसू नका आणि डोळा धुऊही नका. डोळ्याला टेकणार नाही असा स्वच्छ कागदी कप वरून धरा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून मुलाला खायला-प्यायला देऊ नका. चुना किंवा रसायन गेलं असेल, तर मात्र लगेच किमान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. दूध, तूप, मध घालू नका.

मग थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आहे. डोळा लाल नसला, तरी तपासणी टाळू नका. लहान वयात उपचार लांबले, तर दृष्टी कायमची मंद राहू शकते.

खेळणं घेताना आयएसआय चिन्ह पाहा. 1 जानेवारी 2021 पासून ते बंधनकारक आहे. मुलांना खेळू द्या, पण टोकदार आणि उडणाऱ्या वस्तूंच्या वेळी जवळ थांबा.