पहिला तास कॅमेरा पिशवीत

तंजावरपासून पंचवीसेक किलोमीटरवर वडुवूरचा तलाव आहे. मेट्टूर धरणाचं पाणी कालव्यांनी इथं येतं, नोव्हेंबरात पाणपक्षी भरतात. 1999 पासून हे अभयारण्य, 2022 पासून रामसर यादीत.

निवृत्तीनंतर मी मोठी लेन्स घेतली. दबा धरून पुढं सरकणं फौजेत शिकलोच होतो! जवळच्या एका गावात बाभळीवर बगळ्याचं घरटं होतं. फार जवळ गेलो. बगळा उडाला, फोटो झकास आला. तेवढ्यात कावळ्यानं अंडं पळवलं. बांधावरचे म्हातारे शेतकरी तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "सार, लांबूनच बघा."

तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही. आता मुलांना फेरीला नेतो, तेव्हा पहिला तास कॅमेरे पिशवीतच. नुसत्या दुर्बिणी. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.