मुसीचा पूर आणि चार पानं

‘मुसी नदीच्या पुराची माहिती लिहून आणा’ असं सांगितलं, की दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बहुतेक वह्यांत तोच एक परिच्छेद येतो. मुलांना काय बोल लावणार? प्रश्नच असा असतो की उत्तर उतरवून घेतलं तरी भागतं.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये वेबक्वेस्ट नावाची पद्धत मांडली. तिच्यात इंटरनेटवरची पानं शिक्षकांनी आधीच निवडून द्यायची, म्हणजे मुलांचा वेळ शोधण्यात न जाता वाचण्यात आणि ताडून पाहण्यात जातो. आणि काम असं द्यायचं, की कुठल्याही एका पानावर ते आयतं मिळणार नाही.

आपल्या हैदराबादचंच घ्या. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीनं शहराचा मोठा भाग धुऊन नेला. चार-चार मुलांना निजामाची सल्लागार समिती करा. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं, आणि का? एकाकडे अभियंते विश्वेश्वरय्यांच्या आठवणी द्या. वरच्या अंगाचे दोनशेहून जास्त तलाव फुटल्याचं त्यांत सापडेल. दुसऱ्याकडे शहराचा जुना नकाशा. तिसऱ्याकडे अफजलगंजच्या चिंचेची हकीकत. तिच्या आधारानं दीडशे माणसं वाचल्याचं सांगतात. चौथ्याकडे उर्दू कवी अमजद हैदराबादी, ज्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेली.

मग खरं काम सुरू होतं. एक पान मृतांचा आकडा 15,000 देतं, दुसरं 50,000. ‘सर, खरं कुठलं?’ लगेच उत्तर देऊ नका. कुणी लिहिलं, केव्हा, कशाच्या आधारावर, हे वहीत रकाने पाडून मांडू द्या.

इथल्या मराठी मुलांचं भाग्य असं, की इंग्रजी ती शाळेत वाचतात, तेलुगू मित्राला विचारतात, उर्दू गल्लीतल्या चाचांकडून समजून घेतात. अहवाल मात्र मराठीत लिहायचा. तिथे उतरवून घेण्यासारखं काही नसतं, वाक्य स्वतःच जुळवावं लागतं. मराठी शिकवण्याची याहून चांगली संधी मला दिसत नाही.

मुसीवरचा उस्मानसागर जलाशय 1920 मध्ये आणि ईसी नदीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये पूर्ण झाला, हे सगळे अहवाल वाचून झाल्यावरच सांगा. ‘शहराच्या वर पाणी अडवा’ म्हणणाऱ्या गटाचे चेहरे तेव्हा बघावेत!

गटाला एक मोबाइल पुरतो. आदल्या रात्री सगळी पानं उघडून बघा, छापील प्रतीही जवळ ठेवा. आणि गुण कशाला किती, हे काम सुरू होण्याआधीच फळ्यावर लिहून टाका.