पुन्हा तीच गोष्ट

होळी झाली, चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की आपल्या पेठ तालुक्यात बोहाड्याचे वेध लागतात. कुणी बोहाडा म्हणतात, कुणी भोवाडा. रात्री संबळ वाजू लागतो, पलिते पेटतात आणि मुखवटे चढवलेली सोंगे नाचत नाचत येतात. आधी गणपती, मग शारदा, मग रामायण-महाभारतातली एकेक मंडळी. आणि शेवटी पहाटे देवीचे महिषासुराशी युद्ध. यात कोण जिंकणार हे पोराटोरांनाही ठाऊक असते. गेल्या वर्षी महिषासुर मेला, त्याच्या आदल्या वर्षीही मेला, येत्या वर्षीही मरणारच. तरी माणसे डोळ्याला डोळा न लावता रात्रभर बसतात.

हे सांगायचे कारण म्हणजे चित्रपटांविषयीची एक तक्रार. तुम्ही ती ऐकली असेल, कदाचित स्वतः केलीही असेल. हॉलिवूडवाल्यांना म्हणे आता नवीन काही सुचतच नाही. जुना चित्रपट पुन्हा काढायचा, नाही तर चाललेल्या चित्रपटाला दुसरा, तिसरा, चौथा भाग जोडायचा.

तक्रार खोटी नाही. २०१९ साली जगभरात सर्वांत जास्त पैसा मिळवणारे दहा चित्रपट घ्या. 'ॲव्हेंजर्स', 'द लायन किंग', 'फ्रोझन', 'टॉय स्टोरी', 'अलादीन' ही त्यांतली काही नावे. त्या दहांतला प्रत्येक चित्रपट एखाद्या जुन्या चित्रपटाचा, मालिकेचा किंवा आधीच गाजलेल्या पात्राचा वारस होता. २०२४ सालीही पहिल्या दहांत बहुतेक सगळे कशाचा ना कशाचा पुढचा किंवा मागचा भाग होते, आणि 'विकेड' हा त्यांतला वेगळा चित्रपट रंगभूमीवर गाजलेल्या संगीतिकेवरून काढलेला होता.

पण ही खोड आजची नव्हे, बरं का. सेसिल डी मिल या दिग्दर्शकाने 'द स्क्वॉ मॅन' हा एकच चित्रपट १९१४, १९१८ आणि १९३१ असा तीनदा काढला. 'अ स्टार इज बॉर्न' १९३७ साली आला. मग १९५४, १९७६ आणि २०१८ साली पुन्हा आला. आणि लांब कशाला जायचे? आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचेच उदाहरण पाहा. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी १९१३ साली मुंबईत लोकांपुढे आणला आणि त्यानंतर आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ साली त्यांनी हरिश्चंद्राचीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज जी रिळे आहेत ती या दुसऱ्या चित्रपटाची, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपल्याकडे चित्रपट जन्माला आला आणि चार वर्षांत त्याचा पुनर्जन्मही झाला, तोही आपल्याच जिल्ह्यात!

हरिश्चंद्र तेवढ्यावर थांबला नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' काढला. गोष्ट तीच. परंतु १९१३ साली तारामतीचे काम करायला स्त्री मिळाली नव्हती. अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसून ते केले होते. एकोणीस वर्षांनी तीच तारामती दुर्गा खोटे यांनी केली, आणि बोलपट असल्यामुळे ती मराठीत बोललीसुद्धा. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर उभी राहते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला. त्यात गोष्ट हरिश्चंद्राची राहिली नाही. हरिश्चंद्र पडद्यावर आणणाऱ्या फाळक्यांची, त्यांच्या पत्नीची आणि मुलांची झाली. जुन्या बियाण्यातून निराळे पीक आले.

आता मला काय म्हणायचे आहे ते तुमच्या ध्यानात आले असेल. गोष्ट पुन्हा सांगण्यात पाप नाही. सांगणाऱ्याने या खेपेला तिच्यात काय घातले, हे पाहायचे.

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ सालचा चित्रपट कितीदा पाहिला असेल तुम्ही? त्याचे कथानक १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतलेले. परंतु मराठी चित्रपटाने त्यात पुण्याचा घरमालक आणला, भाड्याच्या खोलीची आपली विवंचना आणली, बोलण्याची आपली ढब आणली. आज मूळ चित्रपट फार थोड्यांना आठवतो; बनवाबनवीतले संवाद शाळकरी पोरे म्हणतात.

उलट उदाहरणही जवळचेच आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. नट-नट्या नवख्या, गाव करमाळ्याकडचे, बोली तिकडची. त्याच्या मुळाशी जात होती. त्या दोन पोरांच्या जिवावर उठले ते जातीमुळे. २०१८ साली त्यावरून 'धडक' हा हिंदी चित्रपट निघाला. गोष्ट राजस्थानात गेली, कपडे भारी झाले, वाडे मोठे झाले. आणि जातीचा काटा मात्र पार बोथट झाला. चित्रपट तोच म्हणायचा, पण ज्यासाठी तो काढला गेला तेच वाटेत सांडले.

मग हे पुन्हा पुन्हा का करतात? तिकडच्या लेखकांना सुचत नाही, असे मुळीच नाही. कारण हिशेबात आहे. मोठ्या चित्रपटाला आज वीस-वीस कोटी डॉलर लागतात, आणि जाहिरातीचा खर्च निराळा. एवढा पैसा लावणारा माणूस आधी विचारतो की हे नाव लोकांना ठाऊक आहे का. ठाऊक असेल तर निम्मी जाहिरात आधीच झालेली असते. शिवाय परदेशांतही ते नाव समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी मध्यम खर्चाचा चित्रपट थिएटरात जेमतेम चालला, तरी पुढे डीव्हीडी विकून त्याचे पैसे निघत. तो आधार गेला. त्यातून पात्रांची मालकी हा मोठाच धंदा झाला. डिस्ने कंपनीने २००६ साली पिक्सार, २००९ साली मार्व्हल आणि २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली. शेवटच्या दोन खरेद्या सुमारे चार-चारशे कोटी डॉलरच्या. एवढे पैसे मोजून आणलेली दुभती म्हैस कुणी गोठ्यात नुसती बांधून ठेवील का? ती पिळलीच जाणार.

आणि आपणही काही फार निराळे नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली आला, त्याचे पुढे दोन भाग झाले. 'टाइमपास'चे तीन झाले. 'झपाटलेला' १९९३ सालचा, त्याचा दुसरा भाग वीस वर्षांनी आला. 'नवरा माझा नवसाचा' २००४ सालचा, त्याचाही दुसरा २०२४ साली आला. हे पाहायला जाणारे आपणच.

इथे तुम्ही मला अडवाल. म्हणाल, बोहाड्यात तरी दुसरे काय होते? तिथेही दरसाल तोच महिषासुर! बरोबर आहे. पण जरा बारकाईने पाहा. बोहाड्याची गोष्ट कुणा कंपनीच्या मालकीची नाही. ती साऱ्या गावाची आहे. पुष्कळ ठिकाणी अमुक सोंग अमुक घराण्याकडे, अशी वहिवाट असते. बापाच्या डोक्यावरचा मुखवटा मुलाच्या डोक्यावर येतो. पाहणारे आणि नाचणारे एकमेकांचे भाऊबंद असतात. पोरगा नीट नाचतो का, त्याला ते जड सोंग पेलते का, हे बघायला गाव जमते. गोष्ट जुनी, पण नाचणारा दर पिढीला नवा. आणि मुख्य म्हणजे, बोहाडा झाला म्हणून दुसऱ्या कुठल्या गोष्टीची जागा अडत नाही.

चित्रपटाचे तसे नसते. थिएटरातले पडदे मोजके, आठवड्याचे खेळ मोजके. त्यांतले बहुतेक खेळ एका ओळखीच्या नावाने अडवले, की बिनओळखीच्या चित्रपटाला सकाळचा एखादा खेळ उरतो. आणि शुक्रवारी गर्दी झाली नाही, तर सोमवारपर्यंत तोही जातो. पुनरावृत्तीचे खरे नुकसान इथे आहे. आपल्याला जुने पाहावे लागते हे दुःख लहान. नवे सांगणाऱ्याला दार बंद होते हे मोठे.

हे नवे सांगणारे कुठे असतात? आपल्याकडेच असतात. कोकणा समाजातले थाळगान तुम्ही ऐकले असेल. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटे ओढायची आणि त्या गुणगुणत्या नादावर कणसरीची, म्हणजे धान्यमातेची, कथा लावायची. १८५७ च्या उठावात पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली. तीही आपल्या मातीतलीच कथा. उद्या पेठेतल्या एखाद्या पोरीने कणसरीवर चित्रपट लिहिला आणि ती मुंबईला गेली, तर पहिला प्रश्न हाच होईल, की हे नाव कुणाला ठाऊक आहे? 'सैराट'लाही हा प्रश्न विचारता आला असता. २०२३ साली एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यावर 'ओपेनहायमर' हा तीन तासांचा चित्रपट आला आणि जगात त्या वर्षी कमाईत तिसरा ठरला. तेव्हा अनोळखी वाटेने लोक येतच नाहीत, हे म्हणणे काही खरे नाही.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सुचवतो. पुढचा भाग, नवा अवतार खुशाल पाहा. पण परतताना एकमेकांना विचारा की या खेपेला यात नवे काय घातले होते. उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर तिसऱ्या भागाला जाऊ नका. आणि वर्षाकाठी एक तरी चित्रपट असा पाहा, की ज्याचे नाव तुम्ही कधी ऐकलेले नाही. आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाहा, कारण त्याचे आयुष्य तेवढ्यातच ठरते. तिकीट काढणे म्हणजे त्या गोष्टीला कौल देणेच आहे. कंपन्यांना आपली भाषणे ऐकू येत नाहीत, पण तिकिटांचा हिशेब त्या रोज रात्री वाचतात.