चेंडू आपला, बॅट कुणाची?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘खेळ आणि चळवळ’ यावर बोला म्हणून मला सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेत काही जण हसले. हसणारच. पोरांना नोकऱ्या नाहीत, गटारात उतरून माणसं मरताहेत, आणि ही बाई खेळावर बोलणार! तर ऐका. मी आपल्या अंगावर बोलणार आहे.

आपलं अंग आजवर कुणाच्या कामाला आलं? मेलेलं ढोर ओढायला. हमालीला. मैला उपसायला. बापाची पाठ गेली, आईचं कंबरडं मोडलं आणि वर सर्टिफिकेट काय, तर ‘ही माणसं मुळातच काटक.’ बैलालाही काटकच म्हणतात. कष्टात अंग दुसऱ्याच्या हुकमावर वाकतं. खेळात ते स्वतःच्या मर्जीनं वळतं. हा फरक ज्यांनी आपल्याला कळू दिला नाही, त्यांनीच मैदानं अडवून ठेवली.

बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. आपण अक्षर शिकलो. पण अंगालाही बाराखडी असते. धावणं, धावताना थांबणं, उडी मारून नीट खाली येणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं, पाण्यात तरंगणं. ही लहानपणी गिरवली तर पुढं कुठलाही खेळ वाचता येतो. आणि नुसतं येऊन भागत नाही. मला जमेल हा भरवसा पाहिजे, करावंसं वाटलं पाहिजे, आपल्या अंगाला काय हवं ते कळलं पाहिजे. याला म्हणायचं शरीर-साक्षरता. ती ज्याला मिळाली तो साठीतही चालतो-फिरतो. ज्याला नाही मिळाली त्याला चाळिशीत डॉक्टर सांगतो, साखर आहे, व्यायाम करा. कुठं करायचा? दहा बाय दहाच्या खोलीत?

आता पालवणकर बाळूंची गोष्ट सांगते. जन्म १८७६, धारवाड. जात चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडायचं, खेळपट्टी बनवायची, नेट लावायचं, महिना चार रुपये. साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायला कुणीतरी हवा होता, म्हणून बाळूंच्या हातात चेंडू आला. तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हातात क्वचितच दिली. घाम गाळायचं काम आपलं, फटके मारायची मजा त्यांची. अख्खी जातिव्यवस्था त्या बावीस यार्डांत मांडलेली होती!

पुढं हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू आठवले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू चालायचा, कारण तो विकेट काढायचा. चहाची वेळ झाली की मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. तिथं या माणसानं ११४ बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद? नाही दिलं. १९२० साली त्यांना आधी संघातूनच वगळलं. भाऊ शिवराम आणि विठ्ठल त्याच्या निषेधात बाहेर पडले, तेव्हा कुठं उपकर्णधारपद मिळालं. कर्णधार व्हायला १९२३ साल उजाडलं, आणि तेही धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला. विठ्ठलनं ती स्पर्धा जिंकून दाखवली.

इथं कुणीतरी म्हणेल, ताई, हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसतर्फे उभे होते. होते. आणि पडले. ते मी लपवत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. एक बाळू मोठा झाला, म्हणून वस्तीला मैदान मिळालं का? नाही. मुंबईच्या समुद्रकाठी जिमखाने ओळीनं उभे राहिले. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. प्रत्येकाला धर्माच्या नावानं जागा. ज्या रोलर ओढणाऱ्यानं ती मैदानं सपाट केली, त्याच्या नावानं काय?

आजही आपल्याला तेच दाखवतात. बघा, झोपडपट्टीतला पोरगा कुठं पोचला! एक पोचतो, त्याचा फोटो छापून येतो. उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुंपणाबाहेर. आपल्याला हिरा नको. आपल्याला मैदान पाहिजे.

शाळेत असताना पी.टी.च्या तासाला आम्हा वस्तीतल्या पोरींकडं झाडू यायचा. ‘तुम्हाला सवय आहे’ म्हणायचे. इतर मुली लंगडी खेळायच्या, आम्ही पालापाचोळा गोळा करायचो. बाळूंची गोष्ट मला पुस्तकात वाचावी लागली नसती तरी चाललं असतं.

आता तुमच्याकडं वळते, दादांनो. राग येऊ द्या. मंडळाची टुर्नामेंट असते. पहिलं बक्षीस बोकड. स्पीकर, टी-शर्ट, पुढाऱ्याचा फोटो. खेळतं कोण? पंधरा-वीस तगडे पोरगे. पोरी काय करतात? गटारात गेलेला बॉल काढून देतात, टाळ्या वाजवतात आणि सहा वाजले की भाकरी थापायला घरी. चेंडू आणून द्यायचं काम आपलं, बॅट त्यांची! हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं का? गोऱ्यानं बाळूंना जे केलं तेच तुम्ही बहिणीला करता. मग बामणाला कुठल्या तोंडानं शिव्या देता?

आणि तो पोलिओवाला पोरगा? त्याला स्कोअर लिहायला बसवता. वर म्हणता, सामावून घेतलं! मुरलीकांत पेटकर हे नाव माहीत आहे? सांगली जिल्ह्यातला गडी, सैन्यातला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सोनं आणलं. पाणी मिळालं म्हणून आणलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी लढा दिला, ते आज पोहण्याच्या तलावात निळंशार साचलेलं आहे. गेटवर जात विचारत नाहीत. फी विचारतात.

मग करायचं काय? दोन कामं.

एक, मागायचं. भीक नव्हे, हक्क. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं छापलेलं आहे. युनेस्कोच्या सनदेनं १९७८ सालीच खेळ हा प्रत्येकाचा हक्क म्हटला, आणि २०१५ च्या नव्या सनदेत बायका आणि अपंगांचा हक्क ठणकावून लिहिला. आपल्या वॉर्डातली महापालिकेची शाळा संध्याकाळी कुलूपबंद का? ते कुलूप उघडायला मोर्चा न्या. दिवा मागा, पोरींसाठी संडास मागा, शिकवणारा पगारी माणूस मागा.

दोन, मोर्चाची वाट न बघता उद्यापासून रोज एक तास. पहिला अर्धा तास पोरींचा आणि बायकांचा. त्या वेळी भाकरी दादांनी थापायची. नियम आपण बदलायचे. बाद झालेल्याला घरी पाठवायचं नाही. कबड्डीत मेलेला गडी पुन्हा जिवंत होतो, ती आपली रीत. दोरी खाली बांधा आणि सगळ्यांनी जमिनीवर बसून व्हॉलीबॉल खेळा, मग पोलिओवाला पोरगा तुम्हाला रडवेल. आंधळ्या मित्रासाठी खुळखुळणारा चेंडू आणा. म्हातारीला वाकायचं कसं, उठायचं कसं ते दाखवा.

आणि तास संपला की किती गुण झाले ते मोजू नका. कडेला किती जण उभे राहिले ते मोजा. तो आकडा शून्यावर आला, त्या दिवशी वस्ती साक्षर झाली असं मी म्हणेन.

जयभीम!