मुलांच्या हाती मोजपट्टी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी प्राथमिक वर्गात आयुष्य वेचले. म्हणून साहित्यचर्चेचा माझा नित्याचा विषय बाजूला ठेवून मी एवढाच प्रश्न आपल्यापुढे मांडतो: दर्यातील मासळी राखून मासेमारी कशी करावी, हे लहान मुलांना कसे शिकवावे?

काही वर्षांपूर्वी गोव्याच्या किनाऱ्यावरील एका प्राथमिक शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. 'लहान मासे धरणे हे पाप आहे,' असे मी मोठ्या आवेशाने सांगितले. तिसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, माझे बाबा रापणीला जातात. जाळ्यात काय येणार ते त्यांना आधी कसे कळेल?" मला उत्तर सुचले नाही. ज्याच्या घरची चूल मासळीवर पेटते, त्या मुलाला मी भर वर्गात अपराधी ठरवले होते. ती बोच अद्याप गेलेली नाही.

वास्तविक १९७० च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, तेव्हा आंदोलन उभारले ते रापणकारांनीच. पुढे १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. हा इतिहास मी सांगितला असता, तर त्या मुलाची मान ताठ झाली असती.

तेव्हा पापपुण्याच्या गोष्टी नकोत. मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी. केरळने बांगड्यासाठी १४ आणि तारलीसाठी १० सेंटिमीटर अशी किमान लांबी ठरवली आहे. माशाला एकदा तरी अंडी घालता यावीत, हा त्यामागील हेतू. मुलांनी घरी आलेला बांगडा मोजावा आणि वहीत नोंद करावी. गणित, परिसर व भाषा हे तिन्ही विषय त्या एका नोंदीत येतात.

जाळ्याची आस, म्हणजे दोऱ्यांमधील मोकळी जागा, हीही वर्गात दाखवता येते. मोठ्या आसाच्या जाळ्यावर चिंचोके आणि सालीसकट सुपाऱ्या ओताव्यात. चिंचोके निसटतात, सुपाऱ्या राहतात. पिल्लांना वाट मिळणे म्हणजे काय, ते मग सांगावे लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी का असते, हेही मुलांनी घरी विचारावे. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. खवळलेल्या दर्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत आजोबांना ठाऊक असतेच.

मात्र मोठ्यांचे ओझे मुलांच्या खांद्यावर टाकू नये. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेण्यास २०१७ पासून बंदी आहे. ती पाळणे आणि पाळायला लावणे हे प्रौढांचे काम आहे.

त्या मुलाचा प्रश्न मी आज टाळणार नाही. मी त्याला म्हणेन, "बाळा, मलाही ठाऊक नाही. उद्या बाबांनाच वर्गात घेऊन ये." आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकेन.